वीतभर फरक

बोरेन्सबर्गला कालव्याची दारं
अजून हातांनी फिरवावी लागतात.
वरचं पाणी, खालचं पाणी,
दोघांत फरक जेमतेम वीतभर.
एवढ्यासाठी एवढा खटाटोप? असं
हॅम्बर्गकडून आलेले शिडाच्या होड्यांवाले विचारतात.
मी हसते, चक्रीला हात घालते
आणि जोर पायांतून काढते.
पोटाला ताण नको, असं सांगितलंय.

माझ्या आतही एक बांधकाम आहे.
मोठं आतडं नाही.
बावीस वर्षांपूर्वी लिनशोपिंगच्या इस्पितळात
ते सगळंच्या सगळं काढलं.
लहान आतड्याचं शेवटचं टोक, हात-दीड हात,
दुमडलं, शिवलं, त्याचाच घडा केला,
घड्याच्या तोंडाशी त्याच आतड्याची झडप, आत वळवलेली.
बाहेर दिसतं ते एवढंच:
बेंबीच्या उजवीकडे, खाली, नाण्याएवढं भोक,
वर कापसाची चौकोनी पट्टी.
पिशवी नाही.
म्हणजे आहे, पण पोटात ठेवलेली,
जशा पुष्कळ गोष्टी लोक ठेवतात.

सहा, अकरा, चार, आणि झोपताना.
नळी ओली करायची, आत सारायची, थांबायचं.
झडप आधी नाही म्हणते.
ढकललं तर जास्तच नाही म्हणते.
श्वास सोडला की हो म्हणते,
आणि पाणी आपल्या वाटेला लागतं.

आधीचं?
दिवसाला वीस खेपा. रक्त.
टूवा पाच वर्षांची, डिसेंबरातला शाळेचा समारंभ,
डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट,
आणि मी दाराजवळची खुर्चीही सोडून
भिंतीपलीकडे, फरशीवर नजर लावून
तिचा आवाज बाकीच्या आवाजांतून वेगळा काढत बसलेली.
लेकरासाठी आतडं तुटतं म्हणतात.
माझं तर कापून बादलीत टाकलं.
तरी तुटायचं ते तुटतंच.
कुठे, ते डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

नळी दात घासायच्या ब्रशच्या डबीत असते.
एकदा आल्गोट चुकून तीच डबी घेऊन
वेट्टर्न तळ्यावर मासे धरायला गेला.
रात्री अकराला परत. काही बोलला नाही,
बूट न काढताच स्वयंपाकघरात आला
आणि डबी ओट्यावर ठेवली.
सत्तावीस वर्षांत बूट घालून घरात
हा माणूस तेवढा एकदाच आला.

ऑगस्टात जंगलात पिवळी अळंबी उगवतात.
माझी जागा मी कोणाला सांगत नाही.
वेचते, माती झटकते, लोण्यात परतते.
सगळी त्याच्या ताटात.
एक मी घेते, चावते, चावत राहते,
पार पाणी होईपर्यंत,
कारण अळंबीचा तुकडा नळीत अडकला
तर तास-तास मोरीत काढावा लागतो.
हे शहाणपण मला दोनदा शिकावं लागलं.

गेल्या जूनमध्ये झडप सरकली.
वर्षातली सगळ्यात उजेडाची रात्र,
गाव खांबाभोवती नाचत होतं, बटाटे उकडत होते,
आणि नळी आत जाईना.
इस्पितळात सेनाइत नावाची नर्स, असमाराची,
माझं पोट चाचपून म्हणाली,
पिशवी कुठंय तुमची?
आता ही शस्त्रक्रिया फारसं कोणी करत नाही,
तिचा काय दोष.
होडीच्या पावतीच्या पाठीवर मी चित्र काढलं:
घडा, झडप, बाण.
कळा येत होत्या म्हणून रेघा वाकड्या.
ती म्हणाली, हे तर धरण आहे.
मी म्हटलं, नाही गं, धरण कशाला,
धरणाला मोठा अधिकारी लागतो.
मला दुखत असताना दोघी हसलो,
जे करू नये.
डॉक्टर आले तेव्हा तिनंच त्यांना समजावलं.
पावती परत दिली नाही.

ऑक्टोबरात कालवा बंद होतो.
होड्या गेल्या, तिकिटाची खिडकी बंद,
चक्रीला ग्रीस लावून ताडपत्री बांधली.
मग मला उगाच वाटतं, खालवर सारखंच असतं
तर मला पगार कोण देईल.

घड्याळात चारला पाच.
हातावरचं ग्रीस निघत नाही.
साबण, गरम पाणी, पुन्हा साबण.
या एका दाराला सुट्टीचा मोसम नाही.